रस्ट ब्ल्यूइंग आणि हॉट ब्ल्यूइंग: जुन्या रायफलीला काय मानवते?

ठाण्यात आमच्या काकांकडे परवान्यावरची एक विंचेस्टर १८९४ ही अमेरिकी रायफल आहे. आजोबांकडून आलेली, अष्टकोनी नळीची, लिव्हर खाली ओढून काडतूस चढवण्याची. खाडीवरून येणाऱ्या दमट, खारट हवेने एका पावसाळ्यात तिच्या नळीवर तांबूस ठिपके उमटले, तेव्हा काकांनी ती दुरुस्तीला दिली आणि ‘ब्ल्यूइंग करून द्या’ एवढेच सांगितले. परत आली ती काळ्या आरशासारखी चकाकत. मात्र नळीच्या आठही कडा बोटाला बोथट लागत होत्या आणि नळीवर ठोकलेली ‘ऑगस्ट २१, १८९४’ ही पेटंटची तारीख अर्धवट पुसली गेली होती. ते पाहून मला फार वाईट वाटले, कारण घालवलेले पोलाद कोणत्याही कारागिराला परत आणता येत नाही.

हा घोटाळा होतो, कारण ब्ल्यूइंग या एकाच शब्दाखाली दोन अगदी वेगळी कामे मोडतात. दोन्हींचा शेवट एकच असतो: पोलादावर लोहाच्या काळ्या ऑक्साइडचा, म्हणजे मॅग्नेटाइटचा, पातळ थर बसतो. फरक आहे तो त्या थरापर्यंत पोहोचण्याच्या वाटेत.

रस्ट ब्ल्यूइंगमध्ये कारागीर आधी मुद्दाम गंज चढवतो. तेलाचा अंशही न राहील इतकी नळी स्वच्छ करून तिच्यावर सौम्य आम्लाच्या द्रावणाचा अगदी पातळ हात फिरवतात आणि ती दमट जागी काही तास ठेवतात. तिच्यावर मखमलीसारखी बारीक लाल लव आली की नळी स्वच्छ पाण्यात उकळतात. या उकळण्याने लाल गंजाचे रूपांतर काळ्या मॅग्नेटाइटमध्ये होते, आणि डोळ्यांदेखत तांबडी नळी काळी होताना पाहणे हा या कामातला सर्वांत सुंदर क्षण आहे. वर राहिलेली सैल काजळी बारीक स्टील वूलने, म्हणजे पोलादी तारांच्या लोकरीसारख्या गुंत्याने, उतरवली की खाली करड्या छटेचा पहिला थर दिसतो. हीच फेरी पाच, सात, कधी त्याहून अधिक वेळा करावी लागते. कोरड्या हवेत त्यासाठी ओलसर पेटी लागते. ठाण्याच्या जुलैत मात्र आपली हवाच ते काम करते.

हॉट ब्ल्यूइंगचे काम त्या मानाने झटपट उरकते. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट यांच्या सुमारे १४० अंश सेल्सियसच्या द्रावणात सुटे भाग बुडवले की अर्ध्या तासाच्या आसपास थर बसतो. अमेरिकी कारखान्यांनी ही पद्धत मोठ्या प्रमाणावर उचलली ती १९३० च्या दशकाच्या अखेरीस, त्यामुळे त्याआधीच्या विंचेस्टरवर मूळचा असा रंग असण्याचा प्रश्नच येत नाही.

खरे नुकसान या द्रावणाने होत नाही, ते होते त्याच्या तयारीत. हॉट ब्ल्यूइंगची चकाकी खालच्या पॉलिशवर अवलंबून असते, म्हणून नळी बफिंगच्या चाकावर धरली जाते. ते चाक कडा गोल करते, अक्षरे उथळ करते आणि स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखे खळगे पाडते. रस्ट ब्ल्यूइंगला एवढी चकाकी लागत नाही. आम्लाने पृष्ठभाग किंचित खरखरीत होणारच असल्याने सपाट ठोकळ्यावर गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने हाताने घासलेली नळी त्याला पुरते, आणि कडा शाबूत राहतात. ओळखही यावरूनच पटते: उजेडात तिरपे धरल्यावर रस्ट ब्ल्यूइंगचा रंग मऊ, खोल आणि किंचित करडा दिसतो, तर हॉट ब्ल्यूइंगच्या नळीत समोरची खिडकी दिसते.

दुनळी बंदुकीच्या बाबतीत तर निवडीला जागाच नाही. तिच्या नळ्या आणि मधली पट्टी शिसे-कथलाने झाळलेली असेल, तर कॉस्टिकचे गरम द्रावण तो झाळच खाऊन टाकते आणि नळ्या सुटू शकतात. तिथे रस्ट ब्ल्यूइंगच हवे. उलट १९६४ नंतरच्या काही मॉडेल ९४ (म्हणजे याच विंचेस्टर १८९४ च्या) रायफलींचे रिसीव्हर, म्हणजे यंत्रणा सामावणारे मधले भाग, अशा मिश्रधातूचे आहेत, की नेहमीच्या हॉट ब्ल्यूइंगने ते काळे न होता जांभळट पडतात. अशी रायफल देताना कारागिराला निर्मितीचे साल आधी सांगावे.

मूळचा रंग थोडासाही टिकून असेल, तर माझ्या मते दोन्ही पद्धती टाळाव्यात. लाकडातून सुटी केलेली नळी ऊर्ध्वपातित पाण्यात उकळली की नवा लाल गंजही काळा पडतो आणि स्टील वूलने अलगद निघतो. खालचा मूळचा रंग तसाच राहतो. हे काम शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावे, कारण १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो.

काकांनी आता रायफल कातडी म्यानातून बाहेर काढली आहे, कारण कातडे ओल धरून ठेवते. ती कुलूपबंद लोखंडी कपाटात उभी असते, आणि जून ते सप्टेंबर दर रविवारी तिच्यावर तेलाचे फडके फिरते.