ट्रेलरमधली वीज: आधी रात्रीचा हिशेब

विजेच्या तारांपासून दूर, गाडीमागे ओढायच्या, राहण्याजोग्या ट्रेलरमध्ये चार दिवस राहायचं ठरलं की बहुतेक जण आधी विचारतात, "छतावर किती वॅटचं सौर पॅनेल लावू?" माझ्या मते हा प्रश्न नंतरचा. सूर्य मावळल्यापासून दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत काय काय चालू राहणार, हे आधी ठरवावं.

वॅट म्हणजे वीज वापरण्याचा वेग, आणि वॅट-तास म्हणजे प्रत्यक्षात खर्च झालेली वीज. १५०० वॅटची विजेची किटली पाच मिनिटं चालली तर खर्च होतात १२५ वॅट-तास. मोठा इन्व्हर्टर (बॅटरीच्या १२ व्होल्टपासून घरगुती वीज बनवणारं यंत्र) मात्र काहीही न जोडता नुसता चालू राहिला, तरी १० ते २० वॅट खात बसतो. १५ वॅट धरले तर दिवसाकाठी ३६० वॅट-तास, म्हणजे जवळजवळ तीन किटल्या! म्हणून दिवे, पंखा, पंप, फ्रीज हे सगळं शक्यतो थेट १२ व्होल्टवर चालवावं आणि इन्व्हर्टर कामापुरताच चालू करावा.

किटलीचा त्रास वेगळा आहे. १२ व्होल्टवरून १५०० वॅट काढायचे तर १२५ अँपिअरचा प्रवाह लागतो, आणि इन्व्हर्टरमधली गळती धरली तर १४० च्या आसपास. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दहापट झाला की उष्णता शंभरपट. त्यामुळेच बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतची केबल जाड आणि आखूड हवी, आणि फ्यूज बॅटरीच्या धन टोकाच्या अगदी जवळ. इथे काटकसर करू नये. ट्रेलरला आग लागण्याचं हे खरंखुरं कारण ठरू शकतं.

आता साठा. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये बनवलेल्या शिसे-आम्ल बॅटरीचीच सुधारलेली रूपं आजही अनेक ट्रेलरमध्ये दिसतात. १०० अँपिअर-तासांच्या अशा बॅटरीत कागदावर (१०० गुणिले १२ व्होल्ट) १२०० वॅट-तास असतात, पण निम्म्याखाली उतरवत राहिलं की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. अर्धवट भरलेल्या अवस्थेत ठेवली तर पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कडक स्फटिक धरतात आणि ते पुन्हा सहजी विरघळत नाहीत. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीतून मात्र ८० टक्के आणि त्याहूनही जास्त वीज बिनदिक्कत काढता येते.

पण किती उरली, हे कळणार कसं? शिसे-आम्ल बॅटरी काही तास निवांत ठेवली तर व्होल्टमीटर बऱ्यापैकी खरं सांगतो: पूर्ण भरलेली असेल तर १२.७ च्या आसपास, निम्मी असेल तर १२.१. फ्रीजचा कॉम्प्रेसर चालू असताना किंवा पॅनेलवर ऊन असताना तोच आकडा फसवतो. लिथियम आयर्न फॉस्फेटचा व्होल्टेज तर साठ्याच्या बहुतांश भागात १३.१ ते १३.३ वरच रेंगाळतो. तिथे शंटच हवा. ऋण तारेत बसवलेला हा धातूचा अगदी कमी रोधाचा तुकडा. ५०० अँपिअर गेले तर त्याच्या दोन टोकांत जेमतेम ५० मिलिव्होल्टचा फरक पडतो. तो फरक मोजून मीटर आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या विजेची वही लिहीत राहतो. एखादी ऋण तार शंटला वगळून थेट बॅटरीला जोडली, तर मात्र हिशेब कायमचा चुकतो.

पॅनेलवर छापलेले वॅट हे दर चौरस मीटरला १००० वॅट प्रकाश आणि २५ अंश सेल्सिअस सेल-तापमान धरून काढलेले असतात. उन्हात पॅनेल ६० अंशांपर्यंत तापलं की साधारण आठवा हिस्सा तिथेच जातो. सावली त्याहून वाईट. सेल एकामागोमाग जोडलेले असल्याने एका सेलवर फांदीची सावली पडली तरी अख्ख्या ओळीचा प्रवाह अडतो. मग बायपास डायोड, म्हणजे प्रवाहाला वळसा देणारा भाग, सेलचा तो गट बाजूला काढतो आणि बारीकशा सावलीने निम्मं पॅनेल वाया जाऊ शकतं. माणसांना झाडाखाली गारवा हवा, पॅनेलला ऊन. म्हणून मला जमिनीवर ठेवायचं सुटं पॅनेल फार सोयीचं वाटतं: ट्रेलर सावलीत, पॅनेल उन्हात, आणि सूर्य सरकेल तसं तेही वळवता येतं. पॅनेलची वीज बॅटरीला बेताने देणारा चार्ज कंट्रोलर मात्र बॅटरीजवळच ठेवावा.

बॅटरी दुपारीच भरली तर कंट्रोलर पॅनेलची वीज रोखून धरतो आणि पुढचं ऊन वाया जातं. लॅपटॉप, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या, टॉर्च हे सगळं तेव्हाच चार्ज करून घ्यावं. फ्रीजही दुपारीच जरा जास्त थंड करून ठेवला तर रात्री कॉम्प्रेसर कमी चालतो.

कडाक्याच्या थंडीत एक पथ्य पाळावंच लागतं. शून्य अंशाखाली लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी चार्ज केली तर लिथियम बॅटरीच्या आतल्या ग्रॅफाइटमध्ये न शिरता त्याच्यावर धातूचा थर बनून बसतं आणि क्षमता कायमची घटते. बॅटरीत आपोआप चार्जिंग रोखणारी सोय नसेल, तर रात्रीच पॅनेल सोडवून ठेवावं आणि सकाळी बॅटरी शून्याच्या वर आल्यावरच जोडावं. कधी बॅटरीही काढायची वेळ आली, तर आधी पॅनेल सोडवावं, मग बॅटरी. उलट क्रमाने केलं तर कंट्रोलर बिघडू शकतो.