प्रोस्टेट कर्करोग : रुग्णांचा परस्पर-आधार व स्वशिक्षण (सोलापूर)

प्रोस्टेट म्हणजे पुरःस्थ ग्रंथी. या ग्रंथीचा कर्करोग झालेले पुरुष एकमेकांना अनुभव सांगतात, धीर देतात, आपल्या आजाराची माहिती स्वतः मिळवतात आणि उपचार ठरवताना डॉक्टरांसमोर प्रश्न घेऊन बसतात. या साऱ्या व्यवहाराला परस्पर-आधार व स्वशिक्षण म्हणतात. पाश्चात्त्य देशांत त्याला संस्थांचे रूप आले. सोलापूर शहरात व जिल्ह्यात तो बाह्यरुग्ण विभागातल्या बाकावर, रक्त द्यायच्या रांगेत आणि पुण्या-मुंबईच्या गाडीत चालतो. त्याची सुरुवात बहुधा एका आकड्याने होते. तो म्हणजे पीएसए, या ग्रंथीत तयार होणाऱ्या एका प्रथिनाचे रक्तातले प्रमाण. लघवी, लैंगिक दुबळेपणा, भीती यांविषयी घरातही अवाक्षर न काढणारा माणूस अनोळखी माणसाला “मालक, पीएसए किती आला तुमचा?” असे सहज विचारतो, आणि पुढचे बोलणे त्या दारातूनच आत येते.

आजाराचे स्वरूप

अक्रोडाएवढी ही ग्रंथी मूत्राशयाच्या खाली मूत्रमार्गाला वेढून असते. वीर्यातील द्रवाचा काही भाग ती तयार करते. वयाबरोबर ती बहुतेक पुरुषांत वाढते. ही साधी वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. २०२२च्या जागतिक अंदाजानुसार त्या वर्षी जगात या कर्करोगाचे सुमारे १४.७ लाख, तर भारतात सुमारे ३८ हजार नवे रुग्ण होते. आजार मुख्यतः साठीनंतरचा. सुरुवातीला लक्षणे नसतात, त्यामुळे आपल्याकडे कित्येक जण तो हाडांत पसरल्यावर येतात आणि तोवर कंबरेचे दुखणे वाताचे म्हणून मलम चोळण्यात जाते.

या आजारात स्वशिक्षणाला इतके महत्त्व का, याचे उत्तर त्याच्या संथपणात आहे. ग्रंथीपुरता मर्यादित कर्करोग असलेल्या १,६४३ पुरुषांचा ब्रिटनमध्ये अभ्यास झाला. एका गटावर शस्त्रक्रिया, दुसऱ्यावर किरणोपचार आणि तिसऱ्यावर फक्त सक्रिय देखरेख, म्हणजे नियमित तपासण्या आणि गरज पडली तरच उपचार. सुमारे १५ वर्षांनी तिन्ही गटांत मिळून प्रोस्टेट कर्करोगाने दगावलेले ३ टक्क्यांहून कमी होते. मात्र दुष्परिणाम तिन्ही वाटांचे वेगळे. म्हणजे निवडीला खरा वाव असतो, आणि निवडीचे परिणाम माणसाला दहा-पंधरा वर्षे अंगावर वागवायचे असतात.

कल्पनेचा उगम

पुरुष-संप्रेरक बंद केल्यास हा कर्करोग मागे हटतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी शिकागोत १९४१मध्ये दाखवले. त्यासाठी त्यांना १९६६चे नोबेल पारितोषिक मिळाले. गाठीच्या आक्रमकतेचे मोजमाप देणारी डोनाल्ड ग्लीसन यांची पद्धत १९६६चीच. पण रुग्ण एकत्र आले ते पीएसए या रक्ततपासणीमुळे. अमेरिकेत १९८६मध्ये तिला मान्यता मिळाली आणि काही वर्षांतच काहीही दुखत-खुपत नसलेले हजारो पुरुष हातात एक आकडा घेऊन दवाखान्यांत उभे राहिले. १९९०मध्ये शिकागोत ‘अस टू’ आणि फ्लोरिडात ‘मॅन टू मॅन’ हे गट सुरू झाले. स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या स्त्रिया ‘रीच टू रिकव्हरी’ या उपक्रमातून १९५२पासूनच नव्या रुग्ण स्त्रियांना भेटत होत्या. पुरुषांना तेवढे शहाणपण यायला जवळजवळ चार दशके लागली.

स्वशिक्षणाचे गाजलेले उदाहरण इंटेल कंपनीचे प्रमुख अँडी ग्रोव्ह यांचे. त्यांनी आपले रक्त दोन प्रयोगशाळांना पाठवून निकाल ताडून पाहिले, शोधनिबंध वाचून उपचारांचे तक्ते मांडले आणि १९९६मध्ये हा सगळा प्रवास एका उद्योगविषयक नियतकालिकात लिहिला. अर्थात प्रत्येक रुग्ण ग्रोव्ह नसतो, आणि तसे असण्याची गरजही नाही.

सोलापुरातील पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७पासून लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी चालते. ग्रामीण भागासाठी अशी नोंदणी भारतात प्रथम इथेच झाली. मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या या कामात बार्शी, परांडा व भूम तालुक्यांतील गावे होती. रुग्णालयाच्या कागदांवर विसंबून न राहता कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांशी बोलत आणि बोलता बोलता लक्षणांची माहिती देत. त्यातून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा आधीच्या टप्प्यावर उपचारांना येऊ लागल्याचे दिसले. महागडे यंत्र न आणता, नुसत्या बोलण्याने एवढे घडू शकते, याचा पुरावा याच जिल्ह्यात आहे. पुरुषांच्या आजाराबाबत असे बोलणे मात्र फारसे झाले नाही.

शहराच्या पूर्व भागात यंत्रमागाशी जोडलेली तेलुगू भाषक वस्ती, अक्कलकोट व दक्षिण सोलापूरकडे कन्नड, शहरात उर्दूही. आणि तपासणीचे अहवाल इंग्रजीत. त्यामुळे इथे स्वशिक्षणाची पहिली पायरी म्हणजे कागद वाचून दाखवणारा माणूस. तो बहुधा नातू किंवा सून असते. आजोबांचा अहवाल नातवाने मोबाइलवर शोधून वाचायचा आणि नको ते शब्द गाळून सांगायचे, हा प्रकार सर्रास चालतो. त्याहून वाईट म्हणजे मुलांनी डॉक्टरांना बाजूला घेऊन “बाबांना सांगू नका” म्हणणे. ज्याला आजाराचे नावच कळू दिलेले नाही त्याने दर तीन महिन्यांनी इंजेक्शन का घ्यायचे? तो कधीतरी ते चुकवतो, आणि मग घरचे त्याच्यावरच चिडतात.

पीएसएची वही

अनुभवी रुग्ण नव्याला सर्वांत आधी वही घालायला सांगतात. साधी शंभर पानी वही पुरते. तारीख, प्रयोगशाळा, पीएसए, टेस्टोस्टेरॉन (पुरुष-संप्रेरक), इंजेक्शनचे नाव, पुढची तारीख, असे रकाने. शक्यतो प्रयोगशाळा बदलू नये, कारण यंत्र बदलले की आकडा थोडा हलतो. ०.०८ आणि ०.८ यांत दहापटीचा फरक आहे, म्हणून दशांशचिन्ह नीट काढावे. लघवीतला जंतुसंसर्ग, नुकतीच घातलेली नळी, आदल्या दिवशीचे वीर्यस्खलन यांनी आकडा वाढतो. ग्रंथीच्या साध्या वाढीसाठी दिलेल्या फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड गोळ्यांनी तो साधारण सहा महिन्यांत निम्म्यावर येतो, आणि ‘चार’ या नेहमीच्या मर्यादेच्या आत दिसला म्हणून माणूस उगाच निर्धास्त होतो. वहीत गोळ्याही लिहायच्या त्या यासाठी.

बाकावरच्या गप्पांतली खरी गफलत इथे पाहायला मिळते. एकाचा पीएसए ०.१, शेजारच्याचा १.२, दुसऱ्याचा चेहरा पडतो. पण पहिल्याची ग्रंथी शस्त्रक्रियेने काढलेली असते, आणि दुसऱ्याने किरणोपचार घेतलेले असतात. लोकांच्या बोलीत, त्याला ‘शेक’ दिलेला असतो. ग्रंथी काढल्यावर आकडा जवळजवळ शून्यावर यावा लागतो आणि ०.२च्या वर गेला, पुन्हा तपासूनही तसाच आला, तर आजार परतल्याची शंका घेतात. किरणोपचारानंतर ग्रंथी जागेवरच असते. तिथे गाठलेल्या नीचांकाहून २ने वर गेल्यास आजार परतल्याचे धरतात. म्हणजे १.२ हा आकडा एकासाठी धोक्याची घंटा आणि दुसऱ्यासाठी समाधानाची बातमी असू शकतो. हे जाणणारा एक जुना रुग्ण बाकावर असला तर त्या दिवशी एका घराची झोप वाचते. बायोप्सीच्या कागदावरच्या ग्लीसन गुणांचेही तसेच. ३+४ आणि ४+३ दोन्हींची बेरीज सात, पण दुसरा गट अधिक आक्रमक. नुसते “सात आलंय” सांगून भागत नाही.

इंजेक्शनची तारीख हा वहीतला सर्वांत महत्त्वाचा रकाना. ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन यांसारखी पुरुष-संप्रेरक रोखणारी इंजेक्शने महिन्याची, तीन महिन्यांची किंवा सहा महिन्यांचीही असतात. लग्नसराई, सुगी किंवा पैशांची ओढाताण यांत तारीख लांबली तर टेस्टोस्टेरॉन पुन्हा वर येऊ शकते. कायमचा आणि स्वस्त पर्याय म्हणजे शस्त्रक्रियेने अंडकोष काढणे. भारतात तो बऱ्याच जणांनी खर्चामुळे पत्करलेला आहे. संप्रेरक रोखण्याच्या बाबतीत तो इंजेक्शनच्या तोडीचा आहे, पण मनाला लागतो. याविषयी डॉक्टर दोन मिनिटांत सांगतात. ज्याने तो करून घेतला आहे त्याच्याशी अर्धा तास बोलण्याची सर त्याला येत नाही.

न बोलले जाणारे विषय

पीएसएनंतर गाडी हळूहळू लघवीवर येते. शस्त्रक्रियेनंतर खोकताना, जड उचलताना थेंब थेंब गळते. बहुतेकांचे महिन्यांत सुधारते, काहींचे राहते. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम अमेरिकी डॉक्टर आर्नल्ड केगेल यांनी १९४८मध्ये बाळंतपणानंतरच्या स्त्रियांसाठी मांडले. आज तेच पुरुषांना शिकवतात. लघवी किंवा वायू रोखताना जे स्नायू आवळले जातात ते काही सेकंद आवळून सोडायचे. श्वास रोखायचा नाही, पोट-मांड्या ताणायच्या नाहीत. बसल्या जागी, शेजारच्याला पत्ता न लागता होणारा हा व्यायाम आहे. तरी गळतीच्या लाजेने माणसे लग्नकार्य, भजन, पंढरपूरची वारी टाळतात. पॅड कुठले घ्यायचे, गडद रंगाची विजार कशी सोयीची, रात्री पाणी किती वाजता बंद करायचे, हे पुस्तकात क्वचितच सापडते आणि सोबत्याकडून लगेच कळते.

संप्रेरक-उपचारांत अंगातून अचानक उष्णतेची लाट उठते, घाम फुटतो. एप्रिल-मेमध्ये चाळिशीपार जाणाऱ्या सोलापूरच्या उन्हात हे विशेष जाचते. उशाशी सोलापुरी टॉवेल ठेवून झोपणारे पुष्कळ. गंमत अशी की, रजोनिवृत्तीतून गेलेल्या बायकोला हा त्रास लगेच ओळखता येतो, आणि त्यावरून कित्येक वर्षांनी नवरा-बायकोत मोकळे बोलणे होते. थकवा, वजनवाढ, हाडे ठिसूळ होणे, कामेच्छा जाणे, उगाच रडू येणे हेही याच उपचारांचे परिणाम. रोज चालणे व डॉक्टरांच्या देखरेखीखाली ताकदीचे व्यायाम यांचा उपयोग होतो. हाडांसाठीचे इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी दात तपासून घ्यावेत, कारण त्यानंतर दात काढल्यास जबड्याचे हाड बिघडण्याचा धोका असतो.

लैंगिक दुबळेपणावर औषधे आहेत. पण हृदयविकारासाठी नायट्रेट, म्हणजे सॉर्बिट्रेटसारखी गोळी घेणाऱ्याने सिल्डेनाफिल घेतल्यास रक्तदाब जिवावर बेतेल इतका उतरू शकतो. मित्राने दिलेली गोळी गुपचूप घेण्याचा प्रकार या कारणाने घातक ठरतो.

मर्यादा

अनुभव उसना घेता येतो, उपचार नाही. “मला अमुक गोळी लागू पडली, तुम्हीही तीच घ्या” हे या व्यवहारातले सर्वांत मोठे दूषण आहे. उदाहरणार्थ, अबिराटेरोन ही या कर्करोगावरची गोळी नेहमीच्या मात्रेत उपाशीपोटी घेतात आणि सोबत प्रेडनिसोलोन लागते. रक्तदाब, पोटॅशियम, यकृत यांवर लक्ष ठेवावे लागते. शिल्लक गोळ्या दुसऱ्याला देणे ही मदत नव्हे. “बायोप्सीची सुई लागली की कॅन्सर पसरतो” हा समज इथल्या बाकांवर घट्ट बसला आहे, आणि त्यापायी माणसे महिने घालवतात. या तपासणीत रक्त पडणे व जंतुसंसर्ग हे जोखमीचे भाग, पसरण्याची भीती निराधार. काढे आणि गोमूत्र यांचे सल्लेही मिळतात. ते ऐकून इंजेक्शन बंद करणाऱ्याचा आकडा पुढच्या तपासणीत बोलतोच.

एक गोष्ट मात्र प्रत्येक रुग्णाने व त्याच्या घरच्यांनी पाठ करून ठेवावी. आजार मणक्यात गेलेला असताना पाय अचानक लटपटू लागले, बधिर झाले, किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. उशीर झाल्यास पाय कायमचे जाऊ शकतात.

मुलगे आणि भाऊ यांचा प्रश्न वेगळाच. वडिलांना किंवा भावाला हा आजार असल्यास धोका साधारण दुप्पट होतो. घरातील स्त्रियांत स्तनाचा किंवा बीजकोशाचा कर्करोग असेल तर बीआरसीए-२ या जनुकातील दोषाचा विचार करतात. अशा घरातल्या पुरुषांनी पंचेचाळिशीच्या सुमारास तपासणीविषयी डॉक्टरांशी बोलावे असे सुचवले जाते.

खर्च व प्रवास

माहितीची सर्वाधिक देवाणघेवाण होते ती कागदपत्रांबाबत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटायचे, शिधापत्रिका व आधार सोबत ठेवायचे. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण २०२४च्या अखेरीपासून मिळू लागले. ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२पासून मोफत आहे. मुंबईला टाटा रुग्णालयात जाणारे रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरतात, पुण्याला जाणारे हुतात्मा. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेत शयनयान व वातानुकूलित तिसऱ्या वर्गात पूर्ण, तर सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत असते. त्यासाठी रुग्णालयाने विहित नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र लागते, आणि ते परतीच्या आदल्या दिवशी न मागता पहिल्याच भेटीत मागून घ्यावे, असे जुने प्रवासी नव्यांना सांगतात.