स्थूल पुरुष आणि देहस्वीकार चळवळ : गोवा

देहस्वीकार चळवळ, म्हणजेच बॉडी पॉझिटिव्हिटी (शरीर जसे आहे तसे स्वीकारावे, हा आग्रह), आज बहुतेकांना स्त्रियांची वाटते. आरंभी तिच्यात पुरुष ठळकपणे होते. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये रेडिओ निवेदक स्टीव्ह पोस्ट यांनी भरवलेल्या मेळाव्यात सुमारे ५०० जण जमले. डाएटची पुस्तके जाळली गेली. पत्नीची होणारी अवहेलना सहन न होऊन बिल फॅब्री यांनी १९६९ मध्ये लठ्ठ अमेरिकनांची संघटना उभारली. पुढे स्त्रीवादी गटांनी चळवळीला धार आणली. पुरुष मात्र मागे पडले. आयएमजी या मॉडेलिंग संस्थेने धिप्पाड पुरुषांचा वेगळा विभाग काढला तो थेट २०१६ मध्ये.

गोव्यात स्थूल पुरुषाला जागा आहे, पण ठरलेली. कार्निव्हलचा किंग मोमो परंपरेने गलेलठ्ठ. खा, प्या, मजा करा हे त्याचे फर्मान. चवथीला घरोघरी लंबोदराची आरती होते. सोवळे नेसून उघड्या अंगाने पूजेला बसलेल्या यजमानाच्या पोटाकडे कोणी पाहत नाही. तोच गृहस्थ मिरामारच्या समुद्रकिनाऱ्यावर मुलांबरोबर पाण्यात उतरताना टी-शर्ट काढायला संकोचतो. हौशी मराठी रंगभूमीवरही जाड नटाच्या वाट्याला बहुधा विनोदी पात्र येते, नायक क्वचितच. शाळेत पडलेली 'जाड्या', 'ढोल्या' ही हाक लग्नानंतरही सुटत नाही आणि ती प्रेमाची समजली जात असल्याने दुखल्याचे सांगताही येत नाही. बाईच्या अंगावरची थट्टा निदान काहींना आता खटकते. पुरुषाची थट्टा बिनबोभाट चालते. हे थांबवणे हेच इथल्या चळवळीचे सर्वांत निकडीचे काम आहे.

आरोग्याचा प्रश्न खरा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातील २२.९ टक्के पुरुषांचा बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) २५ किंवा त्याहून अधिक, म्हणजे वजन जास्त, आढळला. गोव्यातले प्रमाण याहून जास्त आहे. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या पुढे गेली की मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, असे डॉक्टर मानतात. चळवळीतले समंजस लोक हे नाकारत नाहीत. त्यांचा आक्षेप वागणुकीवर आहे. गुडघा दुखतो म्हणून आलेल्याला हात लावण्याआधीच 'वजन उतरवून या' म्हटले, तर तो पुन्हा दवाखान्याची पायरी चढायला कचरतो, आणि मग रक्तातली साखर वाढल्याचे कळायलाही उशीर होतो.