शिशाचं पेरोव्हस्काईट आणि बिनशिशाचं: रंग येतो कुठून?

परवा रत्नागिरीला भाच्याशी त्याच्या एमएस्सीच्या प्रोजेक्टवर बोलणं चाललेलं, विषय पेरोव्हस्काईटचे नॅनोक्रिस्टल, म्हणजे एका ठरावीक रचनेच्या स्फटिकाचे अतिशय बारीक, चमकणारे कण, तर तो म्हणाला, मामा, लेड-फ्री म्हणजे शिसं काढायचं नि दुसरा धातू टाकायचा, बाकी सगळं तेच ना? हा घोळ खूप जणांचा होतो. यूव्ही टॉर्चखाली दोन्ही नॅनोक्रिस्टल चमकतात हे खरं, पण प्रकाश निघण्याची रीतच वेगळी आहे आणि म्हणून रंग बदलायची युक्तीपण वेगळी.

आधी शिसंवालं घेऊ, म्हणजे सीझियम लेड हलाईड, सीझियम, शिसं आणि एखादं हॅलोजन (क्लोरीन, ब्रोमीन किंवा आयोडीन) यांचा क्षार. २०१५ ला झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात कोवालेंको या शास्त्रज्ञांच्या ग्रुपने याचे नॅनोक्रिस्टल बनवले. लेड ब्रोमाईड ऑक्टाडेसीन या द्रावकात ओलेइक ॲसिड आणि ओलेइलअमाईनच्या मदतीने विरघळवायचं, १४० ते २०० डिग्रीला त्यात गरम सीझियम ओलिएट झटकन सोडायचं आणि काही सेकंदांतच फ्लास्क बर्फात. रंग हॅलोजन ठरवतो, क्लोरीनने जांभळा-निळा, ब्रोमीनने हिरवा, आयोडीनने लाल, आणि तयार हिरव्या द्रावणात नंतर आयोडाईड घातलं तरी रंग लालकडे सरकतो. निघणाऱ्या रंगाचा पट्टा एकदम अरुंद, त्यामुळे टीव्हीच्या स्क्रीनला मस्त.

पण हा शेवटी क्षार. जुलैत आपल्याकडे मिठाच्या बरणीला कसं पाणी सुटतं, तसाच हापण ओलाव्याला टिकत नाही. पागाला ओवलेले शिशाचे मणी धातूचे असतात, ते सहज विरघळत नाहीत, इथे मात्र शिसं क्षाराच्या रूपात आहे, म्हणजे फुटका स्क्रीन पावसात पडला तर ते वहाळातून खाडीत जायला वेळ लागणार नाही, आणि तिसऱ्या-कालवं आपण तिथूनच काढून पोरांना खायला घालतो. लहान मुलांच्या मेंदूला शिसं थोडंसुद्धा चालत नाही. मला बिनशिशाचं काम महत्त्वाचं वाटतं ते यासाठी.

आता बिनशिशाचं. शिशाच्या जागी कथील टाकून बघितलं लोकांनी, पण ते हवेत ऑक्सिडाईज होतं नि चमक जाते. म्हणून डबल पेरोव्हस्काईट: दोन शिशांच्या जागी एक चांदी, एक इंडियम, चार्जचा हिशोब जुळतो. फरक इथेच सुरू होतो. जांभ्याच्या कातळावर चालताना पाय रुतत नाही, पुळणीवर ओल्या वाळूत रुततो. शिसंवाल्यात इलेक्ट्रॉन आणि होलची (म्हणजे इलेक्ट्रॉन उठून गेल्यावर उरलेल्या रिकाम्या जागेची) जोडी कातळावरून चालल्यासारखी मोकळी फिरते आणि ठरलेल्या एनर्जीचा प्रकाश देते. सीझियम-चांदी-इंडियम क्लोराईडमध्ये ती जोडी आजूबाजूची अणूंची जाळी दाबून स्वतःच केलेल्या खड्ड्यात अडकते, थोडी एनर्जी तिथेच जाते आणि उरलेली पसरट पांढरट-पिवळसर प्रकाश होऊन निघते. याला सेल्फ-ट्रॅप्ड एक्सिटॉन म्हणतात.

नुसतं चांदी-इंडियमवालं जवळजवळ चमकतच नाही, कारण त्याच्या सिमेट्रीमुळे प्रकाश निघायला जवळजवळ बंदीच असते. २०१८ ला नेचर या जर्नलमध्ये आलेल्या कामात ४०% चांदीच्या जागी सोडियम आणि अगदी ०.०४% बिस्मथ घातलं, तर उबदार पांढऱ्या प्रकाशाची एफिशियन्सी ८६% च्या आसपास गेली. ती पावडर होती, नॅनोक्रिस्टलला अजून कसरत करावी लागते, पण युक्ती तीच: हॅलोजन नव्हे, डोपिंग, म्हणजे दुसरा धातू किंचित मिसळणं. मँगनीज घाला, नारिंगी. सोडियम-इंडियमवाल्यात अँटिमनी घाला, निळा. म्हणजे हे दिव्याचं मटेरियल, स्क्रीनचं दुसरं.

बनवतानापण उलटं. शाळेत मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकल्यावर पांढरा साका बसायचा, आठवतंय? सिल्व्हर क्लोराईड सहज विरघळतच नाही, म्हणून लेडसारखं धातूचं हलाईड आधी विरघळवत बसायचं नाही. धातूंचे ॲसिटेट आधी आणि क्लोरीन शेवटी, बेन्झॉइल क्लोराईडचं इंजेक्शन मारून. भाच्याला सांगितलंय, अमाईन घालून जास्त वेळ गरम ठेवू नकोस, फ्लास्क तपकिरी पडायला लागला तर चांदी धातू होऊन वेगळी झाली समज, ती बॅच गेली.