रकाना पुसला म्हणून भेदभाव पुसला जात नाही

‘आमच्या एआयला माणसाचं लिंग, वंश काही कळतच नाही, मग तो भेदभाव करेल कसा?’ हा दावा कंपन्यांच्या बैठकांत वर्षानुवर्षं ऐकू येतो. तो चुकीचा आहे, आणि वाईट हे की त्याचा फटका ज्यांना बसतो त्यांना अनेकदा पत्ताही लागत नाही.

अमेरिकेतल्या रुग्णालयांत वापरल्या जाणाऱ्या एका प्रणालीचा अभ्यास २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. जादा देखभालीची गरज कोणाला, हे ती रुग्णांना गुण देऊन सुचवायची. वंशाची माहिती तिला दिलेलीच नव्हती. पण आजाराचं माप म्हणून तिने उपचारांवरचा खर्च धरला होता. कृष्णवर्णीय रुग्णांवर मुळातच कमी खर्च होत आलेला. त्यामुळे गोऱ्या रुग्णांइतकेच गुण असूनही ते प्रत्यक्षात त्यांच्यापेक्षा जास्त आजारी निघाले. हा दोष काढला तर जादा मदत मिळणाऱ्यांत त्यांचं प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असं संशोधकांनी दाखवलं.

माहितीतून लिंग-वंशाचा रकाना काढला तरी पत्ता, खर्च, नोकरीतला खंड यांतून तीच माहिती मागच्या दाराने आत येते. उलट, निकाल गटवार तपासायचे तर तो रकाना लागतो! युरोपीय संघाच्या २०२४ च्या एआय कायद्यानेही जास्त जोखमीच्या प्रणालींतला पक्षपात शोधायला अशी संवेदनशील माहिती कडक अटींवर वापरण्याची मुभा दिली आहे.

ही तपासणी एकट्या तंत्रज्ञांवर सोडून चालणार नाही. प्रणाली नेमकं काय मोजते हे लेखी हवं, आणि ती थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे हे आधीच ठरलेलं हवं. नाकारल्या गेलेल्या माणसाला कारण विचारून दाद मागता आलीच पाहिजे.