उलट अभियांत्रिकी

तयार वस्तू हाती घेऊन तिचे भाग, त्या भागांची कामे आणि त्यांचे परस्परसंबंध उलगडत मूळ अभिकल्पापर्यंत (डिझाइनपर्यंत) मागे जाण्याची पद्धत. नेहमीच्या अभियांत्रिकीत आधी गरज ठरते, मग अभिकल्प व आरेखने होतात आणि शेवटी वस्तू घडते. येथे सुरुवातच वस्तूपासून होते. उद्योगात ‘रिव्हर्स इंजिनिअरिंग’ हे नाव अधिक रूढ आहे.

व्याख्येबाबत दोन मते आहेत. एम. जी. रेकॉफ यांची १९८५ मधील व्याख्या यंत्रसामग्रीपुरती आहे. मूळ अभिकल्पकांखेरीज इतरांनी वस्तूचे तपशीलपत्रक तयार करणे, यावर तिचा भर असल्यामुळे प्रतिकृती हे उद्दिष्ट तीत गृहीत धरल्यासारखे दिसते. इलियट चिकोफ्स्की व जेम्स क्रॉस यांनी १९९० मध्ये मात्र एखाद्या व्यवस्थेचे घटक व त्यांचे संबंध ओळखून ती दुसऱ्या रूपात किंवा अधिक अमूर्त पातळीवर मांडणे एवढ्यालाच हे नाव दिले. ही दुसरी व्याख्या सॉफ्टवेअरच्या संदर्भात केलेली असली तरी तीच अधिक उपयुक्त आहे, कारण अपघातग्रस्त यंत्राचा तपास, आरेखने हरवलेल्या जुन्या यंत्राची दुरुस्ती, अभियांत्रिकीचे शिक्षण आणि पुरातत्त्व या क्षेत्रांत नक्कल करण्याचा हेतू नसतानाही हीच पद्धत वापरावी लागते.

कार्यपद्धती : वस्तू उघडण्यापूर्वी ती चालवून पाहिली जाते आणि तिच्यात काय शिरते व बाहेर काय पडते याची मोजदाद होते. ही देवघेव ऊर्जा, द्रव्य आणि संकेत अशा तीन प्रवाहांत मांडण्याची रीत गेर्हार्ड पाल व वोल्फगांग बाइट्स या जर्मन अभ्यासकांच्या १९७७ मधील ग्रंथामुळे सर्वत्र पसरली. त्यानंतर वस्तूचे भाग क्रमाने सुटे केले जातात. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र, मापे, साहित्य आणि जोडणीचा प्रकार नोंदवला जातो. मग प्रत्येक भागाचे काम एक क्रियापद व एक नाम यांत सांगितले जाते : ‘उष्णता निर्माण करणे’, ‘प्रवाह तोडणे’. ही शिस्त जनरल इलेक्ट्रिकमधील लॉरेन्स माइल्स यांनी १९४७ च्या सुमारास विकसित केलेल्या मूल्यविश्लेषणातून आली आहे. शेवटी केव्हिन ओटो व क्रिस्टिन वुड यांनी प्रचारात आणलेली ‘भाग काढा आणि चालवून पाहा’ ही कसोटी लावली जाते. एखादा भाग काढल्यावर वस्तूचे नेमके काय बिघडते, यावरून त्याचे खरे काम कळते.

या कसोटीचे महत्त्व केस वाळवण्याच्या साध्या यंत्रात चांगले दिसते. भागांची यादी छोटी आहे : अभ्रकाच्या पट्ट्यांवर गुंडाळलेली निकेल-क्रोमियमची तार, लहान मोटर, पंखा, द्विधातुक पट्टीचा तापरोधक स्विच, वितळतार (फ्यूज) आणि बटणे. पाहताक्षणी असे वाटते की तार हवा तापवते आणि मोटर ती ढकलते, म्हणजे दोन स्वतंत्र उपप्रणाली आहेत. परंतु अनेक स्वस्त नमुन्यांत तापणारी तार काढली की पंखाही थांबतो. तेथील मोटर कमी व्होल्टतेवर आणि एकदिश प्रवाहावर चालणारी असते. तिला लागणारी व्होल्टता त्याच तारेच्या एका हिश्श्यातून उतरवून घेतलेली असते आणि चार डायोडांचा एकदिशकारक तिच्या पाठीशी बसवलेला असतो. वेगळा रोहित्र त्यामुळे वाचतो. उलट दिशेने पाहिले तर पंख्याची हवा ही तारेची शीतनव्यवस्थाही असते : हवेची वाट अडली की तार अतितप्त होते आणि द्विधातुक पट्टी वाकून मंडल तोडते. एकच तार येथे दोन कामे करते आणि एकच वाऱ्याचा झोत दोन गरजा भागवतो. केवळ सुट्या भागांची यादी पाहून यांपैकी काहीही कळत नाही.

या अडचणीचा सैद्धांतिक पाया अमेरिकी शास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांच्या १९६२ मधील मांडणीत सापडतो. उपप्रणालीच्या आतले संबंध घट्ट आणि दोन उपप्रणालींमधले संबंध सैल असतात म्हणून गुंतागुंतीच्या व्यवस्था ‘जवळजवळ’ विभाज्य असतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यातील ‘जवळजवळ’ या शब्दावरच विश्लेषकाचे बहुतेक कष्ट खर्च होतात.

उगम : पद्धत किती जुनी आहे याबद्दल एकमत नाही. पहिले उदाहरण म्हणून बहुधा रोम व कार्थेज यांच्यातील पहिल्या प्यूनिक युद्धातील रोमन आरमार दिले जाते. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसच्या कथनानुसार किनाऱ्यावर अडकलेले कार्थेजचे एक जहाज रोमनांच्या हाती लागले आणि ते नमुना धरून त्यांनी इ. स. पू. २६० च्या सुमारास १०० पंचवल्ही व २० त्रिवल्ही जहाजे बांधली. रोमच्या अंकित असलेल्या दक्षिण इटलीतील ग्रीक नगरांना जहाजबांधणीची जुनी परंपरा होती, त्यामुळे एका जहाजावरून सारे ज्ञान मिळाले हे कथन अतिरंजित असावे, असे काही इतिहासकार मानतात. दुसरीकडे, सिसिलीतील मार्साला येथे समुद्रात सापडलेल्या आणि सागरी पुरातत्त्वज्ञ ऑनर फ्रॉस्ट यांनी १९७० नंतरच्या दशकात उत्खनन केलेल्या प्यूनिक जहाजाच्या लाकडांवर फिनिशियन अक्षरे आढळली. ती जुळणीच्या खुणा असल्याचे सामान्यतः मानले जाते. हे जहाज साधारणपणे इ. स. पू. तिसऱ्या शतकाच्या मध्याचे समजले जाते. ते युद्धनौकाच होते की नाही, हा वाद वेगळा. अशा खुणा असलेले जहाज सुटे करून समजून घेणे तुलनेने सोपे गेले असणार, त्यामुळे पॉलिबियसचे कथन सर्वस्वी त्याज्य ठरत नाही. तथापि ही नक्कल होती. कार्यकारणाचे विश्लेषण झाल्याचा पुरावा त्यात नाही.

विश्लेषणाचे अधिक बोधप्रद उदाहरण अँटिकिथेरा या प्राचीन ग्रीक खगोलगणना यंत्राचे आहे. १९०१ मध्ये ग्रीसजवळच्या बुडालेल्या जहाजातून वर काढलेल्या गंजलेल्या काशाच्या गोळ्यात दंतचक्रे असल्याचे पुढच्या वर्षी लक्षात आले. आज त्याचे ८२ तुकडे आणि ३० चक्रे ज्ञात आहेत. यंत्राच्या निर्मितीचा काळ लेखनशैलीवरून इ. स. पू. सुमारे १५० ते १०० असा धरतात. त्यातील ग्रहणगणनेचा आरंभ इ. स. पू. २०५ मध्ये जातो असे एक मत आहे, परंतु गणनेचा आरंभ म्हणजे निर्मितीचे वर्ष नव्हे. विज्ञानाचे इतिहासकार डेरेक डी सोला प्राइस यांनी गॅमा किरणांच्या चित्रांवरून १९७४ मध्ये केलेल्या पुनर्रचनेत एक भेददर्शी चक्रसंच (डिफरन्शियल) कल्पिला होता. पुढे मायकेल राइट यांच्या छेदचित्रांनी आणि २००५ मधील क्ष-किरण सीटी स्कॅनने तो मागे पडला. त्याच्या जागी दिसली ती एका चक्रावरील खुंटी आणि किंचित सरकलेल्या केंद्राच्या दुसऱ्या चक्रातील खाच अशी जोडी, जी चंद्राची कमी-अधिक होणारी गती दाखवते. २२३ दात्यांचे चक्र सारोस या २२३ चांद्रमासांच्या ग्रहणचक्राशी जुळते. बरेच दाते झिजलेले किंवा तुटलेले असल्यामुळे संख्या अंदाजाने काढाव्या लागतात, आणि कोणती संख्या ग्राह्य धरायची ते खगोलशास्त्रीय अर्थ लागतो की नाही यावरून ठरते. वस्तूवरून सिद्धांत आणि सिद्धांतावरून पुन्हा वस्तू, असा हा दुहेरी तपास या पद्धतीचा गाभा आहे.

यंत्राकडे ठरावीक घटकांची रचना म्हणून पाहण्याची आधुनिक दृष्टी जर्मन अभियंते फ्रांट्स रोलो यांच्या १८७५ मधील ग्रंथाने पक्की केली. यंत्र म्हणजे परस्परांच्या हालचाली बांधून ठेवणाऱ्या जोड्यांची बंद साखळी, हा त्यांचा विचार यंत्रगतिशास्त्रात आजही पायाभूत आहे.

मर्यादा : वस्तूवरून आकार, साहित्य व रचना कळते, पण मापात किती फरक चालतो आणि अमुकच जाडी का निवडली, हे वस्तूवर लिहिलेले नसते. एकच नमुना मोजून टॉलरन्स (मापातील चालणारा फरक) ठरवता येत नाही, कारण हाती आलेले माप मर्यादेच्या कोणत्या टोकाला आहे हे त्यावरून समजत नाही. धातूचे रासायनिक घटक व कठिणता मोजता येतात, पण निरनिराळ्या उष्णतोपचारांनी सारखीच कठिणता येऊ शकते. १९४४ मध्ये सोव्हिएत भूमीवर उतरलेल्या तीन अमेरिकी बी-२९ विमानांवरून तूपोल्येव्ह संस्थेने टीयू-४ बनवले. मूळ पत्रे इंचाच्या मापाचे आणि सोव्हिएत कारखान्यांचे पत्रे मिलिमीटरचे असल्यामुळे भागोभाग जाडी पुन्हा निवडावी लागली, आणि इंजिन तर मूळचे न घेता सोव्हिएत अभिकल्पक श्वेत्सोव्ह यांचे बसवले गेले. १९ मे १९४७ रोजी टीयू-४ चे पहिले उड्डाण झाले.

इलेक्ट्रॉनिक वस्तूंत चिपचे थर एकेक करून खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्रे घेतली जातात. सॉफ्टवेअरमध्ये ‘क्लीन रूम’ पद्धत रूढ आहे : एक गट मूळ आज्ञावलीचे (प्रोग्रॅमचे) वर्तन अभ्यासून तपशील लिहितो, तर मूळ संहिता (कोड) कधीही न पाहिलेला दुसरा गट त्यावरून नवी संहिता रचतो. आयबीएम पीसीशी सुसंगत असे अनेक संगणक या मार्गाने बाजारात आले.

प्रामाणिकपणे मिळवलेली वस्तू उलगडून पाहणे हा व्यापारगुपिताचा भंग नाही, असे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये मान्य केले. युरोपीय समुदायाच्या १९९१ मधील निर्देशाने परस्परसुसंगतीपुरती संहिता उलगडण्याची मुभा दिली. पेटंटचे संरक्षण मात्र वेगळे आहे : वस्तू स्वतंत्रपणे उलगडून समजून घेतली म्हणून पेटंट असलेली रचना वापरण्याचा हक्क मिळत नाही.