गावात जवानांचा स्मृतिस्तंभ उभारायचाय? कागदांची सुरुवात नावांपासून करा

चार माजी सैनिक पारावर बसले की कधी ना कधी विषय निघतोच: गावातून गेलेल्या आणि परत न आलेल्या आपल्या सोबत्यांची नावं कुठेतरी दगडावर यायला हवीत. वर्गणी जमते, दगड ठरतो आणि गाडी कागदांवर अडते. आमच्या गावात या कामाला दोन वर्षं लागली. त्यातला बराच वेळ आम्ही आधी जागेच्या मागे धावलो आणि नावांचे पुरावे मागाहून गोळा केले, म्हणून वाया गेला. तुम्ही उलट करा.

अर्ज कोणाच्या नावाने करायचा, हा पहिला प्रश्न. एकट्यादुकट्याच्या अर्जापेक्षा ग्रामपंचायतीने ठराव करून स्वतः अर्जदार व्हावं, हे सगळ्यात सोपं. माजी सैनिकांची स्वतःची संस्था हवी असेल तर किमान सात सभासद लागतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी होते. वर्गणी नोंदणीनंतर संस्थेच्या बँक खात्यातच घ्या आणि प्रत्येकाला पावती द्या. सभासदांच्या डिस्चार्ज बुकाच्या (सैन्यातून निवृत्त होताना मिळणाऱ्या सेवापुस्तिकेच्या) आणि माजी सैनिक ओळखपत्राच्या प्रती एका फायलीत लावून ठेवा.

आता नावं. प्रत्येक नावासमोर सेवा क्रमांक, हुद्दा, रेजिमेंट, तारीख आणि ठिकाण असा तक्ता करा. घरी मृत्यूची तार, पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) किंवा युनिटचं पत्र सापडतं. बाकीच्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत त्या त्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाला पत्र द्या. मराठा लाइट इन्फंट्रीसाठी ते बेळगावला जातं, महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशातल्या सागरला. दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकावर स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या २५ हजारांवर जवानांची नावं कोरलेली आहेत, तिथलं नावही ताडून घ्या. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धात गेलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या युद्धस्मशानं सांभाळणाऱ्या संस्थेच्या यादीत मोफत शोधता येतात.

इथे घाई नको. गावात ज्याला सगळे ‘बाळू’ म्हणत, तो सैन्याच्या कागदावर वेगळ्याच नावाने असतो. कागद इंग्रजीत, त्यामुळे आडनावाचं स्पेलिंग भरतीच्या कारकुनाने लिहिलं तसं. आमच्या दगडावर एका सेवा क्रमांकाचं शेवटचं अक्षर गाळलं गेलं आणि तो अख्खा फलक पुन्हा करावा लागला. कोरण्याआधी कागदावर छापील नमुना काढा आणि प्रत्येक घरी नेऊन वाचून दाखवा. वीरपत्नी, वीरमाता किंवा वीरपिता यांची लेखी संमती घ्या.

‘शहीद’ या शब्दाबद्दलही बोलून घ्या. सैन्यात अशी अधिकृत संज्ञा नाही, कागदावर ‘बॅटल कॅज्युअल्टी’ (युद्धातली हानी) असते, असं केंद्र सरकारने २०१७ मध्ये केंद्रीय माहिती आयोगापुढे सांगितलं आहे. अर्जात ‘कर्तव्यावर असताना वीरमरण’ लिहिलं की कोणी आक्षेप घेत नाही. सिंहमुद्रा, म्हणजे देशाचं राजचिन्ह, मात्र कोरू नका. तिच्या वापरावर २००५ च्या कायद्याने बंधनं आहेत. रेजिमेंटचं बोधचिन्ह हवं असेल तर रेजिमेंटल सेंटरची लेखी परवानगी मागा.

जागेला लागतो तो ग्रामसभेचा ठराव, सातबारा किंवा मिळकतीचा उतारा, मोजणीचा नकाशा आणि ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ खालची बांधकाम परवानगी. रस्त्याकडेची, चौकातली जागा डोक्यातून काढून टाका. सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर पुतळे वा बांधकामं यांना परवानगी देऊ नका, असा सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश आहे. गायरानही टाळाच. शाळेचं किंवा ग्रामपंचायतीचं आवार उत्तम.

अर्धपुतळा बसवायचा असेल तर वाट लांबते. २ मे २०१७ च्या शासन निर्णयातली पुतळ्यांची मार्गदर्शक तत्त्वं लागू होतात: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता, पोलिसांचा ना-हरकत दाखला, देखभालीचं हमीपत्र. माझं स्पष्ट मत आहे, साधा नामस्तंभ करा. एकाचा चेहरा घडवला की बाकीच्या घरांच्या मनात सल राहतो.

सगळ्यात नाजूक भाग बेपत्ता जवानांचा. ९ डिसेंबर १९७१ ला ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडाली. तिच्यावरचे १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक समुद्रात गेले. ७ फेब्रुवारी १९६८ ला वायुदलाचं एएन-१२ विमान १०२ जणांसह हिमालयात हरवलं आणि २०२४ मध्येही त्यातले चार देह बर्फातून मिळाले. सात वर्षं ठावठिकाणा नसेल तर मृत्यू गृहीत धरण्याची तरतूद कायद्यात आहे, पेन्शनचे कागदही त्याप्रमाणे होतात. पण घरच्यांचं मन त्या कागदाबरोबर चालत नाही. आमच्याकडे एका आजींनी संमतीपत्रावर अंगठा द्यायला नकार दिला. ‘मी अजून त्याचं ताट वाढते, आणि तुम्ही त्याला दगडात घालता?’ तिसऱ्या खेपेला आम्ही नवा नमुना घेऊन गेलो. त्यावर ‘बेपत्ता’ असं वेगळं शीर्षक होतं, खाली त्यांच्या मुलाचं नाव आणि शेवटचं ठिकाण, मृत्यूची तारीख नाही. त्यांनी नावावरून बोट फिरवलं आणि अंगठा दिला.

तेव्हा अशा घरांसाठी वेगळं संमतीपत्र करा, त्यात ‘मृत’ हा शब्द कुठेही नको. पाथरवटाला प्रत्येक बेपत्ता नावापुढे एका ओळीची जागा मोकळी ठेवायला सांगा आणि अर्जाच्या नकाशातही ती मोकळी ओळ दाखवा.